हुडिनीच्या म्हणवल्या जाणाऱ्या बेड्यांची तपासणी : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४, सोमवार

आज दुपारी बेड्यांची जोडी प्रयोगशाळेत दाखल झाली. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या आहेत. त्यांनी जोडी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून स्वतः आणली आणि मी पावती लिहून देईपर्यंत डब्यावरचा हात काढला नाही. त्यांना ही जोडी विकायची आहे, आणि लिलाव करणाऱ्यांनी धातूची तपासणी झाल्याशिवाय यादीत 'हुडिनी' हे नाव छापायला नकार दिला आहे. हा नकार रास्त आहे, कारण जुन्या इंग्लिश बेड्या बाजारात नेहमी येतात आणि मध्यम किमतीला जातात, पण त्याच लोखंडाला बेड्यांतून सुटण्याच्या खेळांनी गाजलेल्या जादूगार हॅरी हुडिनीचे नाव चिकटले की किंमत कुठच्या कुठे जाते.

वस्तूचे वर्णन असे: इंग्लंडच्या पोलिसांत 'डार्बी' म्हणून ओळखली जाणारी, आट्यांच्या किल्लीने उघडणारी बेड्यांची एक जोडी, मध्ये तीन कड्यांची साखळी. वजन किल्लीशिवाय ५२८ ग्रॅम. दोन्ही बेड्यांवर बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीचा शिक्का आणि 'घडीव लोखंडाची हमी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत, आणि दोन्हींवर आकडा ३ ठोकलेला आहे. किल्ली एक, तिच्यावर आकडा नाही. उजव्या बेडीच्या कुलपाच्या नळकांड्यावर तिरप्या अक्षरांत 'हुडिनी' हे नाव इंग्रजीत कोरलेले आहे. साखळीला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे. तिचा मजकूर असा की या हुडिनीच्या बेड्या असून त्याने त्या बाबांना लंडनमध्ये जुलै १९१३ मध्ये दिल्या.

'बाबा' म्हणजे मालकीणबाईंचे आजोबा. ते एका म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्यांचे आणि जादूचे खेळ होणाऱ्या नाट्यगृहात, पडद्यामागची कामे करत असत आणि एका रात्री खेळ संपल्यावर हुडिनीने ही जोडी त्यांच्या हातात ठेवली, अशी घरातली गोष्ट आहे. मी ती जशी सांगितली तशी उतरवून घेतली आणि बाईंची सही घेतली. घरची गोष्ट पहिल्याच दिवशी कागदावर यावी, हा माझा हट्ट असतो, कारण तपासणीचे निकाल कानावर पडू लागले की गोष्टही नकळत त्यांच्याप्रमाणे बदलू लागते.

७ मार्च, गुरुवार

यंत्रांना हात लावण्यापूर्वी प्रश्न नीट मांडणे आवश्यक वाटले. 'या बेड्या खऱ्या आहेत का' या एका वाक्यात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. जोडी त्या काळातली आहे का, ती हुडिनीच्या हातात कधी पडली होती का, आणि पडली असेल तर कोणत्या नात्याने. धातू पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो फार तर 'नाही' म्हणू शकतो, 'हो' कधीच म्हणू शकत नाही. लोखंड कोणाचे नाव लक्षात ठेवत नाही.

तिसरा प्रश्न खास हुडिनीचा आहे. इतर नामवंतांच्या वस्तू म्हणजे त्यांचे पेन, चष्मा, छडी, आणि त्या त्यांच्या मालकीच्या असतात. हुडिनीचा खेळच मुळी दुसऱ्यांच्या बेड्यांवर उभा होता. १८७४ साली बुडापेस्टमध्ये एरिक वाइस या नावाने जन्मलेला हा माणूस १९०० च्या जुलैत लंडनच्या अल्हांब्रा थिएटरात उभा राहिला, तेव्हापासून गावोगावी त्याचे जाहीर आव्हान असे की प्रेक्षकांनी आणि पोलिसांनी आपापल्या बेड्या घेऊन यावे. त्यामुळे त्याने स्वतः विकत घेतलेल्या व जमवलेल्या बेड्या, आव्हान देणाऱ्याने आणलेल्या आणि खेळानंतर परत नेलेल्या बेड्या, व पोलीस ठाण्यात त्याला एकदाच घातलेल्या सरकारी बेड्या, या सगळ्यांनाच 'हुडिनीच्या बेड्या' म्हणता येते. त्या अर्थाने एडवर्डकालीन, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या, इंग्लंडमधली कोणतीही डार्बी जोडी संशयित ठरते.

त्याच्या स्वतःच्या मालकीच्या सामानाचा माग तुलनेने स्वच्छ आहे. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटमध्ये तो वारल्यावर जादूचे साहित्य त्याचा भाऊ थिओडोर हार्डीन याच्याकडे गेले. हार्डीनने त्यातला मोठा भाग मॅसॅच्युसेट्समधील सिडनी रॅडनर या तरुण शौकिनाला दिला, आणि त्याचा संग्रह पुढे नायगारा फॉल्स येथील संग्रहालयात व विस्कॉन्सिनमधील ॲपलटन येथे मांडला गेला. आपली जोडी या मार्गाने आलेली नाही आणि तसा दावाही नाही, म्हणून हा माग इथेच सोडतो.

१२ मार्च, मंगळवार

आज धातू पाहिला. क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने दोन्ही बेड्यांवर मिळून चोवीस ठिकाणी नोंदी घेतल्या. बिजागरीच्या कोपऱ्यांत आणि शिक्क्याच्या खोलगट अक्षरांत निकेलचा मुलामा शिल्लक आहे, उघड्या भागांवरचा हाताळून झिजून गेला आहे. क्रोमियमचा मागमूस नाही. ही चांगली बाब आहे, कारण निकेलचा मुलामा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्रास होता, तर क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकाच्या मध्यानंतरच दिसू लागतो. किल्लीवर मात्र जस्त आढळले, निकेलचा मुलामा नावालाही नाही. किल्लीची नोंद वेगळी ठेवली आहे.

त्यानंतर शिक्क्यातल्या हमीची परीक्षा घेतली. 'घडीव लोखंड' हे शब्द कोणीही ठोकू शकतो, पण घडीव लोखंड नंतर तयार करणे तितके सोपे नाही. मालकीणबाईंची लेखी परवानगी घेऊन डाव्या बेडीच्या बिजागरीच्या आतल्या बाजूला, कडे उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, दोन मिलिमीटरचा ठिपका घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आम्ल लावायच्या आधीच कीट दिसले. राखाडी लोखंडातून काळ्या, लांबट, तुटक रेघा एकाच दिशेने गेलेल्या होत्या. बांबू चिरल्यावर जसे धागे दिसतात, तसेच ते दिसते. लोखंड भट्टीतून लगद्यासारखे काढून घणाखाली ठोकताना आणि लाटताना आत राहिलेले कीट असे ओढले जाते. वितळवून ओतलेल्या आजच्या पोलादात ते असे मिळत नाही. नायट्रिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलने ठिपका पुसल्यावर फेराइटचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंडाचे, दाणेही स्वच्छ उठून आले. उजव्या बेडीवर तीच कृती केली आणि तेच दिसले.

म्हणजे शिक्का खरे बोलतो आहे. घडीव लोखंडाचे उत्पादन इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तग धरून होते, त्यामुळे एवढ्यावरून साल सांगता येत नाही. पण निकेलची झीज, बिजागरीच्या पिनेची झीज आणि हातोड्याचे घाव यांसह पाहता ही नकली शोभेची वस्तू नाही, एवढे आजच लिहून ठेवायला हरकत नाही.

१८ मार्च, सोमवार

काल १७ मार्च होता. हुडिनीच्या बेड्यांचा विषय निघाला की ही तारीख येतेच. १९०४ साली याच तारखेला, गुरुवारी, लंडनच्या हिपोड्रोममध्ये सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर 'मिरर' या वर्तमानपत्राने आणलेल्या बेड्या त्याच्या हातात घालण्यात आल्या. बर्मिंगहॅमच्या नॅथॅनिएल हार्ट नावाच्या कारागिराने त्यांवर पाच वर्षे खर्ची घातल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कुलूप ब्रामा जातीचे, म्हणजे किल्लीवाचून उघडायला फार अवघड, होते. सुटायला त्याला एक तास दहा मिनिटे लागली. मध्येच कोट काढण्यासाठी बेड्या उघडा, अशी त्याची विनंती फेटाळली गेली, तेव्हा त्याने खिशातला चाकू काढून दातात धरला आणि कोट अंगावरच फाडून काढला. ते आव्हान खरे होते की वर्तमानपत्राशी आधीच संगनमत करून रचलेले होते, हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. त्या बेड्यांच्या प्रतिकृतीही अनेक झाल्या.

मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे: हुडिनीच्या बाबतीत बेड्या अस्सल निघाल्या तरी प्रसंग अस्सल असेलच असे नाही, आणि याच्या उलटही घडू शकते.

आज तुलनेसाठी मागवलेली जोडी आली. आंतरजालावर 'व्हिक्टोरियन तुरुंगातील बेड्या' म्हणून विकली जात होती. चित्रात शंभर वर्षांचा गंज होता. पाकीट फोडले तर तेलाचा वास, भगव्या रंगाचा भुसभुशीत गंज आणि आतल्या कागदावर 'भारतात तयार केलेले' अशी चिकटपट्टी. आपल्याकडच्या कारागिरांनी इतरांसाठी बनवलेले जुनेपण परदेशात बसून हातात घेताना थोडे हसू आले आणि थोडे कौतुकही वाटले, कारण कुलूप झकास चालते. मात्र ही जोडी शंभर ग्रॅमने जड आहे, कड्याला वेल्डिंगचा सांधा आहे, आणि गंज सगळीकडे सारख्याच जाडीचा आहे. खरा जुना गंज हाताच्या घामाच्या जागी खोल जातो, घासला जाणारा भाग सोडतो, आणि खालचा थर काळपट व घट्ट असतो.

२२ मार्च, शुक्रवार

आज एक्स-रे झाला, आणि या प्रकल्पातला सर्वांत चांगला तास तोच होता.

डार्बीची रचना साधी आहे. कडे मिटले की त्याचे खाच असलेले टोक नळकांड्यात शिरते आणि आतला खटका स्प्रिंगच्या जोरावर त्या खाचेत बसतो. उघडण्यासाठी आट्यांची किल्ली नळकांड्यात घालून फिरवत नेतात. ती खटक्याच्या दांड्याला आट्यांनी धरते आणि स्प्रिंग दाबत त्याला मागे ओढते. म्हणजे बंद बेडी आणि उघडी बेडी यांमध्ये शेवटी फक्त एका स्प्रिंगचा जोर उभा असतो. बेडीला योग्य दिशेने झटका बसला तर खटका स्वतःच्या जडत्वाने क्षणभर मागे सरकतो, आणि त्या क्षणी कडे ओढले तर किल्लीवाचून सुटते. हे हुडिनीने स्वतःच १९१० साली बेड्यांच्या गुपितांवर काढलेल्या पुस्तकात छापून टाकले. गुडघ्याच्या वर पँटच्या आत शिशाचा पत्रा बांधून त्यावर बेडी आपटण्याची युक्तीही त्यात आहे. तोवर नकलाकार इतके माजले होते की गुपित फोडूनच त्यांची दुकाने बंद करावीत, असा त्याचा हिशेब असावा.

उजव्या बेडीच्या एक्स-रेमध्ये स्प्रिंगचे नऊ वेढे मोजता येतात आणि तिचे टोक सपाट घासलेले आहे. डाव्या बेडीत वेढे सहाच आहेत. टोक सपाट नाही, पक्कडीने कापल्यासारखे तिरके आहे. स्प्रिंग आपोआप तुटली असती तर तुकडा आत सापडला असता, कारण नळकांडे रिव्हेटने बंद आहे. तुकडा नाही. शिवाय डावीकडचे रिव्हेट उजव्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि त्याचे डोके वेगळ्या हाताने फुलवलेले आहे. कोणीतरी हे नळकांडे एकदा उघडले, स्प्रिंग आखूड केली आणि पुन्हा बंद केले.

दुपारी बारीक दुर्बीण किल्लीच्या भोकातून आत घातली. डाव्या खटक्याच्या खांद्यावर कानशीचे ओरखडे आहेत, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघांचे, आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या ओरखड्यांवरही बाजूच्या लोखंडावर आहे तोच काळा घट्ट थर चढलेला आहे. म्हणजे हे काम जुने आहे, कालपरवाचे नाही.

ताणकाट्याने खटका मागे ओढायला लागणारा जोर मोजला. उजवीला सुमारे दोन किलो वजनाइतका, डावीला साडेसहाशे ग्रॅमइतका. डावी बेडी टेबलावर आपटून पाहण्याचा मोह सहकाऱ्याला झाला आणि खरे सांगायचे तर मलाही. तो आम्ही भारतातून आलेल्या जोडीवर भागवला. तिच्या स्प्रिंगचा जोर उजवीच्या जवळपास आहे. शिशाच्या पट्टीवर आपटताना अकराव्या प्रयत्नाला ती सुटली आणि माझे मनगट दुसऱ्या दिवसापर्यंत दुखेल असे दिसते.

२६ मार्च, मंगळवार

साताऱ्याच्या मामांशी फोनवर बोलणे झाले. मामा पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांच्या नोकरीत त्यांनी वापरलेली बेडी याच घराण्यातली, आट्यांच्या किल्लीची. डाव्या बेडीबद्दल मी त्यांना काही सांगण्याआधीच विचारले, "मामा, बेडीची स्प्रिंग ढिली पडते का हो?"

"पडते की. पण अगं, ढिली पडली तर दोन्ही पडतील. दोन्ही सारख्याच वापरल्या जातात ना? एकच ढिली असेल तर कोणीतरी हात मारलाय." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि आरोपीला बेडी घातली की आम्ही ती ओढून बघायचो. नवा शिपाई नुसता खटका ऐकतो."

खटका दोन्ही बेड्यांचा सारखाच वाजतो, हे मी फोन ठेवल्यावर तपासून पाहिले. प्रेक्षकांतून वर आलेला माणूस काय करेल? तो खटका ऐकेल, किल्ली खिशात टाकेल आणि मागे सरकेल.

३ एप्रिल, बुधवार

ईस्टरच्या सुट्टीनंतर नावाकडे वळले. 'हुडिनी' ही अक्षरे सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पट मोठी करून पाहिली. चराचा तळ गोल आहे आणि त्यात सारख्या अंतरावर आडव्या लाटा आहेत. असा माग गोल फिरणाऱ्या टोकाचा असतो, हाताच्या कोरणीचा चर व्ही आकाराचा आणि काठाला स्वच्छ असतो. पण एवढ्यावर निर्णय देणे घाईचे होईल. दंतवैद्यांची पायाने फिरवायची यंत्रे १८७० च्या दशकापासून होती, आणि हौशी माणूस कशानेही नाव कोरू शकतो.

निर्णायक पुरावा गंजात मिळाला. नळकांड्याच्या या बाजूला गंजाने पडलेले पाच-सहा खोल खड्डे आहेत आणि नावातले तिसरे अक्षर त्यांपैकी एकावरून जाते. चर खड्ड्याच्या काठापर्यंत येतो, काठ कापतो, खड्ड्याच्या तळावर हवेत गेल्यासारखा नाहीसा होतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. याचा अर्थ खड्डा आधी पडला आणि अक्षर नंतर आले. चराच्या आत गंजाचा थर नाही, तपकिरी मेण भरलेले आहे. ते सुईच्या टोकाने तीळभर काढल्यावर खाली लोखंड चकाकले. आतल्या कानशीच्या ओरखड्यांवर जो काळा थर आहे, त्याचा इथे लवलेशही नाही.

एवढे खोल खड्डे पडायला बेडी बरीच वर्षे दमट जागी पडून राहावी लागते. रंगमंचावर रोज तेलपाणी होणाऱ्या, चालत्या वस्तूवर ते पडत नाहीत. नाव हुडिनीच्या हयातीत कोरलेले नाही, असे मी लिहिणार आहे.

९ एप्रिल, मंगळवार

आज पाडवा. इथे सुट्टी नाही. श्रीखंडाचा डबा घेऊन कामावर आले आणि दिवसभर चिठ्ठीवर बसले.

अतिनील दिव्याखाली चिठ्ठीचा कागद निळसर पांढरा झळाळला. कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागली, म्हणून ही चिठ्ठी १९१३ ची असू शकत नाही. मालकीणबाईंना फोन केला. त्या जराही गडबडल्या नाहीत. मूळ चिठ्ठी फाटत आली होती म्हणून आत्याने ती उतरवून काढली, हे त्यांना पक्के आठवते, फक्त ते महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. कोणाला फसवायचे असते तर चिठ्ठीला चहाच्या पाण्याचा रंग दिला असता.

नकलेची नक्कल असली तरी मजकूर तपासता येतो, आणि अडचण मजकुरातच आहे. १९१३ च्या जुलैत हुडिनी ८ तारखेला न्यूयॉर्कहून जहाजाने युरोपला निघाला, तो थेट कोपनहेगनच्या खेळांसाठी. १७ तारखेला त्याची आई सिसिलिया वारली. ही तार त्याला तिथेच मिळाली आणि तो खेळ टाकून अमेरिकेला परतला. आईवर त्याची भक्ती सर्वश्रुत आहे. अंत्यविधी त्याच्या येण्यासाठी थांबवून ठेवला होता. त्या महिन्यात लंडनच्या रंगमंचामागे उभे राहून कामगाराला भेटवस्तू देणारा हुडिनी बसवायला जागाच उरत नाही.

साल चुकले असेल का, याचाही विचार केला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत तो ब्रिटनमध्ये परतला आणि १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे खेळ करत होता, म्हणजे महिना चुकला असे मानले तर गोष्ट पुन्हा उभी राहते. महिना बरोबर आणि साल चूक मानायचे तर लंडनमधला नक्की ठाऊक असलेला जुलै १९०० चा, पण आजोबांचा जन्म १८९६ चा आहे आणि चार वर्षांचे पोर पडद्यामागे कामाला असणार नाही. आणखी एक गोष्ट मला खटकते. १९०८ च्या जानेवारीत सेंट लुइस येथे त्याने पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटण्याचा खेळ आणला, आणि १९१२ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या सर्कस बुशमध्ये उलटे टांगून पाण्याच्या पेटीत बुडवण्याचा. बेड्यांचे राज्य तोवर मागे पडले होते. १९१३ च्या हुडिनीकडून आठवण म्हणून साधी पोलिसी डार्बी मिळणे अशक्य नाही, पण ती गोष्ट दहा वर्षे आधीच्या हुडिनीला अधिक शोभते.

१६ एप्रिल, मंगळवार

किल्लीचा प्रश्न निकालात काढला. किल्लीच्या आणि उजव्या खटक्याच्या आट्यांचे सिलिकॉनमध्ये ठसे घेऊन प्रोजेक्टरवर मोठे केले. खटक्याच्या आट्यांचा कोन ५५ अंश, म्हणजे व्हिटवर्थ पद्धतीचा, ब्रिटनमध्ये १८४१ पासून रुळलेला. किल्लीच्या आट्यांचा कोन ६० अंश आणि अंतर मेट्रिक. म्हणूनच ती दोन आटे जाऊन अडते. किल्ली अलीकडची, बदली आहे.

आता उरतो खरा विषय, डाव्या बेडीचे पोट. बेड्यांत फेरफार दोन्ही बाजूंनी होत असे. २४ ऑक्टोबर १९०२ रोजी ब्लॅकबर्नमध्ये विल्यम होप हॉजसन या व्यायामशिक्षकाने आव्हान म्हणून आणलेल्या बेड्यांची कुलपे बिघडवलेली आहेत, अशी तक्रार हुडिनीने भर रंगमंचावर केली होती, आणि तिथून सुटताना त्याचे दंड रक्ताळले होते. पण आव्हान देणारा कुलूप अवघड करतो, स्प्रिंग अशक्त करत नाही. आपल्या बेडीतला फेरफार सुटणाऱ्याच्या सोयीचा आहे. तो करणारा माणूस डार्बीचे मर्म जाणत होता, त्याला रिव्हेट काढून पुन्हा बसवण्याचे हत्यार व सवड होती, आणि एकच हात सुटला की दुसऱ्याचे पुढे पाहता येते हे त्याला ठाऊक होते.

असा माणूस हुडिनी असू शकतो. तो हार्डीनही असू शकतो, कारण तो त्या वर्षांत युरोपात भावाचा 'प्रतिस्पर्धी' म्हणून तोच खेळ करत होता. तो सिर्नॉक किंवा हिल्बर्ट असा त्या काळचा दुसरा बेड्यांचा खेळ करणारा असू शकतो, मिनर्व्हा नावाने खेळ करणारी बाई असू शकते, किंवा ज्याचे नाव कुठल्याच जाहिरातीत उरले नाही असा एखादा आठवडी पगाराचा बेडीबहाद्दरही असू शकतो. जर्मनीतला क्लेपिनी तर आपण हुडिनीला हरवले म्हणून सांगत फिरे. हुडिनीच्याच सांगण्याप्रमाणे १९०२ साली त्याने क्लेपिनीला अक्षरांच्या कुलपाची फ्रेंच बेडी निवडू दिली, तिचा शब्द गुपचूप बदलून इंग्रजीत 'लबाडी' असा अर्थ होणारा केला, आणि क्लेपिनी रात्र उलटेपर्यंत तिच्यात अडकून बसला. ही हकिगत हुडिनीचीच असल्यामुळे ती थोडी शंका ठेवूनच घ्यावी. पण हा धंदा किती गर्दीचा होता, ते तिच्यातून कळते.

त्या गर्दीत एका कापलेल्या स्प्रिंगवरून एकच नाव उचलणे मला जमणार नाही.

२४ एप्रिल, बुधवार

अहवालाचा मसुदा लिलाव करणाऱ्यांना पाठवला होता. त्यांचे उत्तर आले. 'हुडिनीशी संबंधित असण्याची शक्यता' एवढे शब्द घालता येतील का, अशी सौम्य विचारणा आहे. नाही, असे कळवले. ग्राहक त्यातला 'शक्यता' हा शब्द वाचत नाही, हे त्यांनाही माझ्याइतकेच माहीत आहे. माझे वाक्य असे राहील: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची वा विसाव्याच्या आरंभीची, बर्मिंगहॅमची घडीव लोखंडाची डार्बी जोडी, डावे कुलूप जुन्या काळी सुटकेच्या खेळासाठी बदललेले, कोरलेले नाव नंतरचे, किल्ली बदली. चिठ्ठीचा मजकूर घरातील परंपरा म्हणून जसाच्या तसा जोडला आहे आणि त्यातील महिना ज्ञात प्रवासाशी जुळत नाही.

या वाक्यात निराश होण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. स्प्रिंग कापलेली, कानस फिरवलेली डार्बी माझ्या हातून यापूर्वी कधी गेली नव्हती. बाहेर कोरलेल्या नावाची शोभा काढून टाकली तर हाती राहते ती प्रत्यक्ष खेळात वापरलेली बेडी, आणि तिचे गुपित शंभर वर्षे कोणी उघडून पाहिलेले नव्हते.

३ मे, शुक्रवार

मालकीणबाई जोडी न्यायला आल्या. अहवाल त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. 'नाव नंतरचे' या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या काकांना असले उद्योग करायची खोड होती, घरातल्या कात्रीवरसुद्धा त्यांनी नाव कोरले होते. मी ते अहवालाच्या पुरवणीत त्यांच्या सहीनिशी घेतले.

आमच्या कार्यशाळेतल्या लेथवाल्या गृहस्थांनी ५५ अंशांच्या आट्यांची नवी किल्ली करून दिली आहे, वर आजची तारीख ठोकून, म्हणजे पुढच्या तपासनिसाचा घोटाळा व्हायला नको. बाईंनी स्वतः उजवी बेडी उघडली. मग एक्स-रेचे चित्र मागितले आणि डाव्या स्प्रिंगचे वेढे बोटाने मोजले. सहा. आजोबा खेळ पाहायचे की करायचे, असे त्यांनी मला विचारले. घरात त्यांच्या कोणत्या वस्तू उरल्या आहेत, असे मी उलट विचारले, तेव्हा माळ्यावर कानशींनी भरलेली एक पेटी असल्याचे त्यांना आठवले. पुढच्या आठवड्यात त्या ती घेऊन येणार आहेत. जोडी तोवर लिलावाला जाणार नाही. जुनी चिठ्ठी तिच्याच सुतळीने पुन्हा साखळीला बांधून दिली आहे.